मृगातला गूळ आणि लेकीच्या छातीतली शिट्टी

पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी एक फॉर्म भरायला दिला होता. त्यात मध्येच एक ओळ होती, ‘आई किंवा वडिलांना दमा आहे किंवा लहानपणी होता का?’ नवऱ्याने ‘नाही’वर खूण केली आणि मी खाली सही केली. लेकीला पुढे दमा होईल की नाही याचा अंदाज यावा म्हणून नंतर तिचं रक्त तपासलं, हातावर सुया टोचल्या, श्वासातला वायू मोजला. यातल्या कुठल्याही तपासणीइतकंच वजन त्या एका ओळीला होतं, आणि तिथे आम्ही चुकीचं उत्तर लिहून बसलो होतो.

लेक नोव्हेंबर २०१६ची. आठ महिन्यांची असताना जुलैत तिला सर्दी झाली आणि तिसऱ्या रात्री श्वास भरभर चालू लागला. आम्ही तेव्हा पुण्यात सिंहगड रस्त्याला पहिल्या मजल्यावर राहायचो. मागच्या भिंतीला पावसाळाभर ओल असायची. दिवा लावून झबलं वर केलं, तर प्रत्येक श्वासाला बरगड्यांच्या खालची कातडी आत ओढली जात होती आणि नाकपुड्या फुलत होत्या. सासूबाईंनी तव्यावर ओवा भाजून पुरचुंडी केली, छाती शेकली. तासाभरात लेक अंगावरचं दूधही ओढेना, तेव्हा बारा वाजता रिक्षा केली. तीन दिवस ऑक्सिजनवर होती. निदान झालं ब्राँकिओलायटिसचं, म्हणजे विषाणूमुळे फुप्फुसातल्या अगदी बारीक नळ्यांना आलेली सूज. पहिल्या वर्षात पुष्कळ बाळांना होतं, घाबरू नका, असं सांगून घरी पाठवलं.

पण नंतर दर सर्दीला तेच. अडीच वर्षांची होईपर्यंत पाच वेळा छाती भरली. त्यातल्या दोन वेळा दवाखान्यात राहावं लागलं. शेजारणीचं नेब्युलायझर आमच्याकडेच राहायला आलं. या सगळ्या काळात ‘दमा’ हा शब्द कुणी उच्चारला नाही. एका चिठ्ठीवर ‘अ‍ॅलर्जिक ब्राँकायटिस’, दुसऱ्यावर ‘रिअ‍ॅक्टिव्ह एअरवे’, तिसऱ्या ठिकाणी तोंडी नुसतं ‘कफाची प्रकृती आहे’. घरातही तेच. छाती भरली, कफ झाला, वारं लागलं. मला रात्री झोप लागायची नाही ती एकाच प्रश्नामुळे. हे वाढत्या वयाबरोबर जाणार, की जन्मभर हिच्याबरोबर राहणार?

तोच प्रश्न घेऊन २०१९च्या ऑगस्टमध्ये आम्ही लहान मुलांच्या छातीच्या तज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी स्टेथोस्कोप लावण्याआधी माझा मोबाइल मागितला. ‘आई, रात्री आवाज येतो तेव्हाचा व्हिडिओ आहे?’ माझ्याकडे होता. अंगात कपडा नसलेली छाती आणि पोट, वीस सेकंद. त्यांनी आवाज मोठा करून दोनदा ऐकला. म्हणाल्या, आईबाप ज्याला घरघर म्हणतात ती निम्म्या वेळा नाकातल्या शेंबडाची असते. छातीतला आवाज वेगळा असतो, श्वास सोडताना बारीक शिट्टीसारखा. तुमच्या व्हिडिओत शिट्टी आहे. पुढची सगळी वर्षं मी असे व्हिडिओ तारखेसह जपले. ज्यांचं मूल असं आजारी पडतं त्यांना मी अजूनही आधी हेच सांगते.

मग मी माझा प्रश्न विचारला. दमा होईल का हो, डॉक्टर?

त्यांनी सांगितलं, की मोठ्या माणसाचा दमा फुंकर मारायला लावून मशीनवर ओळखता येतो. पण अडीच-तीन वर्षांच्या मुलाला तशी फुंकर जमत नाही. शिवाय या वयात शिट्टी वाजणाऱ्या सगळ्याच मुलांना दमा नसतो. अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन शहरात १९८० पासून १,२४६ नवजात बाळांची नोंद करून ती मुलं वर्षानुवर्षं तपासत राहिले होते. तीन वर्षांच्या आत साधारण एक तृतीयांश मुलांना कधी ना कधी शिट्टी वाजली, आणि त्यातल्या सुमारे साठ टक्के मुलांची सहाव्या वर्षापर्यंत थांबलीही. उरलेल्यांची थांबली नाही. त्या वयात ही दोन्ही मुलं समोर बसवली तर छातीचा आवाज सारखाच येतो. वेगळी कशी ओळखायची?

त्याच अभ्यासातून २००० साली एक निर्देशांक तयार झाला. डॉक्टरबाईंनी तो कागदाच्या मागे हाताने लिहून दाखवला. तीन वर्षांच्या आत वारंवार शिट्टी, आणि त्याच्या जोडीला मोठ्या दोन खुणांपैकी एक किंवा लहान तीन खुणांपैकी दोन. मोठ्या खुणा म्हणजे आईवडिलांपैकी एकाला दमा, किंवा मुलाला डॉक्टरने सांगितलेला एक्झिमा, म्हणजे त्वचेवरचे खाजरे चट्टे. लहान खुणा म्हणजे अ‍ॅलर्जीची सर्दी, सर्दी नसतानाही वाजणारी शिट्टी, आणि रक्तात इओसिनोफिल या पेशी चार टक्के किंवा जास्त. ज्यांचा हा निर्देशांक होकारार्थी आला, त्यांच्यातल्या ७६ टक्के मुलांना सहा ते तेरा या वयात कधी तरी दमा आढळला. नकारार्थी आला, त्यांच्यातल्या ९५ टक्क्यांहून जास्त मुलांना त्या वयात दमा आढळला नाही. म्हणजे ‘नाही’ हे उत्तर ‘हो’पेक्षा जास्त भरवशाचं. मी तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. अजून माझ्याकडे आहे.

लेकीच्या गालांवर तान्ही असताना लाल चट्टे यायचे, पण ‘कोरडी त्वचा, खोबरेल लावा’ याच्या पलीकडे कुणी काही म्हटलं नव्हतं. शिट्टी दर वेळी सर्दीबरोबरच. आईवडिलांना दमा, नाही. राहिलं रक्त.

पहिल्या तपासणीत इओसिनोफिल नऊ टक्के आले. एकूण पांढऱ्या पेशी अकरा हजार, म्हणजे मोजून ९९० इओसिनोफिल. मी हादरले. पण डॉक्टरबाईंनी विचारलं, ‘जंताचं औषध शेवटचं कधी दिलं?’ आठवेना. त्या म्हणाल्या, की टूसॉनच्या मुलांच्या रक्तात हा आकडा वाढला तर अ‍ॅलर्जीकडे बोट दाखवता येतं. आपल्याकडे आधी पोटातले जंत बघावे लागतात. त्यांच्यामुळेही हा आकडा वाढतो, आणि रक्तातलं आयजीई हे द्रव्यसुद्धा. अंगणवाडीत देतात ती अल्बेंडाझोलची गोळी वयानुसार दिली आणि दीड महिन्याने रक्त परत काढलं. आता सहा टक्के, ५८८. उतरला, पण चारच्या खाली गेला नाही. म्हणजे एक लहान खूण पक्की. एकच. निर्देशांक नकारार्थी.

मधल्या दीड महिन्यात एक चूक करून बसलो होतो, तीही सांगते. एका प्रयोगशाळेतून फोन आला. मुलीची अ‍ॅलर्जी कळण्यासाठी खाण्याच्या पदार्थांचं मोठं पॅनेल आहे, सवलत चालू आहे. आम्ही पैसे भरले. रिपोर्टावर दूध, गहू, शेंगदाणे, टोमॅटो लाल रंगात. डॉक्टरांना न विचारता आम्ही दूध आणि पोळी बंद केली. पंधरा दिवसांत पोरगी सुकली, वजन पाऊण किलो उतरलं. डॉक्टरबाईंनी तो रिपोर्ट बघितला आणि त्यावरची तीन अक्षरं दाखवली. तपासणी आयजीजीची होती. अ‍ॅलर्जी दाखवणारं द्रव्य ते आयजीई. आयजीजी एवढंच सांगतं, की हा पदार्थ शरीराच्या ओळखीचा आहे, म्हणजे मूल तो खातं. त्या दिवशी संध्याकाळी लेकीला दुधात पोळी कुस्करून दिली. तिने वाटी चाटून पुसून संपवली.

निर्देशांक नकारार्थी आला त्या रात्री मी खरवस केला होता. नवरा लेकीला झोपवत होता. मी स्वयंपाकघरात भांडी आवरत होते आणि सासूबाई ओट्याशी उभ्या राहून वडी खात होत्या. मी त्यांना आनंदाने तो कागद समजावून सांगत होते. एक्झिमा नाही, आईबापांना दमा नाही, म्हणून पंच्याण्णव टक्के. त्यांनी वडी ताटलीत ठेवली. बराच वेळ नळ चालू होता, तो त्यांनीच बंद केला.

‘ह्याला होता,’ त्या म्हणाल्या.

मला आधी कळलंच नाही.

‘चौथीपर्यंत होता. रात्र रात्र मांडीवर घेऊन बसलेय मी. सोलापूरला डॉक्टरांनी सांगितलं होतं, बाळदमा आहे म्हणून. तीन वर्षं लागोपाठ मृगाला हैदराबादला नेला. तिथे जिवंत माशाच्या तोंडात औषध घालून मासा गिळायला देतात. आपण शाकाहारी, म्हणून त्याला गुळातून दिलं. पाचवीत थांबलं. मग कुणालाच सांगितलं नाही.’

‘आई, फॉर्मवर विचारलं होतं हो.’

‘त्यालाही आम्ही दमा म्हणून कधी सांगितलंच नाही. कफ होता, मृगाच्या औषधाने गेला, एवढंच त्याला माहीत. सोयरीक जमायची होती, बाई.’

मी खूप रागावले. लग्नाच्या वेळी माझ्या माहेरी सांगितलं नाही, याचा मला फारसा राग आला नाही. पण लेक दोनदा ऑक्सिजनवर पडलेली असताना त्या तिच्या पायाशी बसून होत्या आणि हे मनात ठेवून होत्या, ते मला सहन होईना. मी काही बोलले नाही. त्या मात्र तिथेच उभ्या राहून रडल्या, आणि रडताना त्यांचा हात ओट्यावरचं पाणी पुसतच होता. नवऱ्याला सकाळी कळलं, तेव्हा तो गप्प झाला. त्याला हैदराबादचं एवढंच आठवत होतं, की पहाटे खूप मोठी रांग होती आणि तो गूळ कडू होता.

आठवड्याने आम्ही परत गेलो. मला वाटलं होतं, डॉक्टरबाई चिडतील. त्या चिडल्या नाहीत. म्हणाल्या, निम्म्या घरांत हा रकाना दुसऱ्या-तिसऱ्या भेटीतच खरा भरला जातो. नवऱ्याला विचारलं, आता जिना चढताना धाप लागते का? थंडीत पहाटे खोकला येतो? येतो, तो म्हणाला. डिसेंबर-जानेवारीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मुलांचा दमा किशोरवयात पुष्कळदा शांत होतो, म्हणून त्या वयात जे औषध चालू असेल त्याला श्रेय मिळतं, हे त्यांनी अगदी हळू आवाजात, सासूबाई बाहेर बसल्यात हे बघून सांगितलं. मग फॉर्मवरचं ‘नाही’ खोडून ‘हो’ लिहिलं. त्या एका खोडण्याने लेकीचा निर्देशांक नकाराचा होकार झाला. वारंवार शिट्टी आणि वडिलांना दमा. बास, तेवढं पुरतं. इओसिनोफिलची गरजही उरली नव्हती.

या निर्देशांकाचा नंतर सुधारलेला एक प्रकार आहे. त्यात हवेतल्या गोष्टींची अ‍ॅलर्जी ही तिसरी मोठी खूण धरतात. म्हणून त्वचेवरची तपासणी ठरली. ठरलेल्या दिवशी गेलो आणि परत आलो, कारण आदल्या दिवशी नाक गळत होतं म्हणून मी तिला सर्दीचं सिरप दिलं होतं. त्यात अँटिहिस्टामिन, म्हणजे खाज-गांध दाबणारं औषध असतं आणि त्याने हातावर गांध उठतच नाही. दहा दिवस थांबावं लागलं.

त्या दिवसाचं सगळं माझ्या डोळ्यांसमोर आहे. लेक वडिलांच्या मांडीवर. डाव्या हाताच्या आतल्या बाजूला सिस्टरने पेनने एक ते दहा आकडे लिहिले. प्रत्येक आकड्याजवळ एकेक थेंब. पहिला नुसत्या मिठाच्या पाण्याचा, शेवटचा हिस्टामिनचा. पहिल्यावर काही उठता कामा नये, शेवटच्यावर उठलंच पाहिजे. तरच मधल्या आठांवर विश्वास ठेवायचा. थेंबातून बारीक टोकाने टिचकीएवढं टोचलं, रक्त नाही. सातव्याला ती रडली, आठव्याला गप्प झाली, कारण सिस्टरने तिच्या बाहुलीच्या हातावरही आकडे लिहायला घेतले होते. मग पंधरा मिनिटं हात धरून बसायचं, खाजवू द्यायचं नाही. ‘बाबा, डास चावला,’ ती सारखी म्हणत होती. चौथ्या आकड्यावर पांढरट फुगीर गांध वर येत होती, भोवती लाली पसरत होती. माझं लक्ष तिथेच.

सिस्टरने गांधीच्या कडेने पेन फिरवलं, वर चिकटपट्टी दाबली, उचलली आणि फाइलमध्ये चिकटवली. माझ्या लेकीच्या अ‍ॅलर्जीचं जांभळं वर्तुळ त्या पानावर कायमचं आहे. पारदर्शक पट्टीने मोजलं. धूळकिडे सात मिलिमीटर, झुरळ चार. तीन किंवा जास्त म्हणजे होकार. गाजरगवत, मांजर, बुरशी, काही नाही. दूध, अंडं, शेंगदाणा, काही नाही.

धूळकिडा डोळ्यांना दिसत नाही, जेमतेम पाव-अर्धा मिलिमीटरचा असतो. आपल्या कातडीच्या कोंड्यावर जगतो आणि पाणी हवेतल्या दमटपणातूनच घेतो. अ‍ॅलर्जी मुख्यतः त्याच्या विष्ठेची. आमच्या ओलीच्या भिंतीला टेकूनच लेकीची गादी असायची.

आता मी परत तोच प्रश्न विचारला. म्हणजे होणारच ना? डॉक्टरबाईंनी मान हलवली. ‘आई, शंभरातल्या पंचाहत्तरांना होईल हे मी सांगू शकते, तुमची मुलगी त्या पंचाहत्तरांत की पंचविसांत, ते मला सांगता येणार नाही.’ मग औषधाचं सांगितलं, आणि इथे मला जे ऐकायचं होतं त्याच्या उलट ऐकावं लागलं. मला वाटत होतं, आत्तापासून औषध दिलं तर पुढचा दमा टळेल. त्या म्हणाल्या, तसं करून बघितलेलं आहे. अशाच होकारार्थी निर्देशांकाच्या २८५ मुलांवर, वय दोन-तीन वर्षं. अर्ध्यांना दोन वर्षं श्वासातून स्टेरॉइड दिलं. देत होते तोवर त्रास कमी झाला. बंद केल्यावर पुढच्या वर्षभरात दोन्ही गटांत फरक उरला नाही. २००६ साली हे प्रसिद्ध झालं. औषध आजचा त्रास थांबवतं, उद्याचा दमा नाही.

मग या खुणांचा उपयोग काय, मी जरा वैतागून विचारलं. तर त्याचंही उत्तर होतं. या वयात रोजचं स्टेरॉइड सगळ्या मुलांना सारखं लागू पडत नाही. ज्यांच्या त्वचेवर हवेतल्या एखाद्या गोष्टीची अ‍ॅलर्जी दिसते आणि रक्तात इओसिनोफिल ३०० किंवा त्याच्या वर असतात, त्यांना ते सगळ्यात चांगलं लागू पडतं, असं २०१६च्या एका चाचणीत दिसलं होतं. आमच्याकडे सात मिलिमीटर आणि ५८८. म्हणजे हे औषध हिला उपयोगी पडण्याची शक्यता चांगली, म्हणून द्यायचं. मला हे ऐकून फार बरं वाटलं. मी भविष्य विचारायला आले होते आणि आज रात्री काय करायचं ते हातात मिळालं होतं.

ब्युडेसोनाइड या स्टेरॉइडचा पंप, स्पेसरला (पंपाला जोडायच्या पोकळ नळीला) मास्क लावून, सकाळ-संध्याकाळ. नंतर चूळ भरायची किंवा तोंड पुसायचं. सासूबाईंना पंपाची भीती होती, सवय लागते म्हणून. त्यांना डॉक्टरबाईंनी समोर बसवून सांगितलं, की चष्म्याची सवय लागत नाही, नजर कमी असते म्हणून चष्मा लागतो. पुढे लेकीच्या तोंडावर मास्क नीट दाबून धरायला घरात सगळ्यात चांगलं सासूबाईंनाच जमायला लागलं. सहा श्वास मोजायच्या त्या, मोठ्याने, पाढे म्हटल्यासारखे.

गादी भिंतीपासून हलवली. उशी-गादीला घट्ट विणीचे अभ्रे घातले. चादरी दर आठवड्याला कडक गरम पाण्यात. नवरात्राआधी आमच्याकडे सगळ्या गोधड्या धुवायची पद्धत होतीच, ती वर्षातून एकदाची आता महिन्याची झाली, आणि उन्हाचा दिवस निघाला की गाद्या गच्चीवर. डासांची अगरबत्ती बंद केली, मच्छरदाणी लावली. झुरळांसाठी सिंकखालची गळती दुरुस्त केली.

मग आला लॉकडाऊन. त्या अख्ख्या वर्षात लेकीला एकदाही शिट्टी वाजली नाही. बालवाडी बंद, बाहेर जाणं बंद, सर्दीच नाही. आम्हाला वाटलं, गेलं. फोनवर विचारून औषध कमी करत करत बंद केलं. २०२२च्या जूनमध्ये शाळा पूर्ण सुरू झाली आणि तिसऱ्या आठवड्यात रात्री दोन वाजता तीच शिट्टी. या वेळी ती स्वतः बोलू शकत होती. ‘आई, माझा श्वास बाहेर येत नाहीये.’ आत जात नाही, असं नाही म्हणाली. बाहेर येत नाही म्हणाली. दम्यात असंच होतं, हवा अडकते ती सोडताना, हे मला कागदावर माहीत होतं. पाच वर्षांच्या पोरीच्या तोंडून ऐकल्यावर मी तिला उचलून खिडकीशी नेलं आणि नळ्या लगेच मोकळ्या करणारं सलब्युटामॉल दिलं तेव्हा माझेच हात थरथरत होते.

पंप परत सुरू झाला. त्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा श्वासातल्या नायट्रिक ऑक्साइडची तपासणी झाली. अ‍ॅलर्जीने सुजलेल्या श्वासनळ्यांच्या अस्तरात हा वायू जास्त तयार होतो आणि उच्छ्वासात मोजता येतो. माणसाच्या श्वासात तो असतो हे स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी १९९१ साली दाखवलं, आणि दोनच वर्षांत दमेकऱ्यांमध्ये तो जास्त असतो हेही. आदल्या दिवशी पालक आणि बीट द्यायचं नाही, तासभर आधी काही खायचं-प्यायचं नाही, एवढीच पथ्यं. नळी तोंडात धरून एका लयीत सहा सेकंद फुंकायचं. पडद्यावर एक ढग असतो. जोरात फुंकलं की वर जातो, हळू फुंकलं की खाली येतो, दोन रेघांच्या मध्ये धरून ठेवायचा. लेकीला चौथ्या खेपेला जमलं. गाल लाल, डोळे पडद्यावर, दोन्ही मुठी आवळलेल्या.

आकडा आला ४४. हवेच्या एक अब्ज भागांत ४४ भाग. बारा वर्षांखालच्या मुलांत वीसच्या आत कमी धरतात, पस्तिसाच्या वर जास्त. डॉक्टरबाईंनी आमच्याकडे पाहून साधं विचारलं, ‘पंप रोज दिला जातोय?’ हो, मी म्हणाले. हो, नवरा म्हणाला. मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. सकाळचा तो देतो असं मी धरून चालले होते आणि मी देते असं तो. पंपावरच्या मोजणीचा आकडा पाहिला तर महिन्याभरात निम्मेच डोस गेले होते. हे सांगताना आजही वाईट वाटतं. फ्रिजवर कागद लावला, देणाऱ्याने खूण करायची. तीन महिन्यांनी आकडा १९.

त्याच नोव्हेंबरात ती सहा वर्षांची झाली आणि स्पायरोमेट्री, म्हणजे मशीनवर फुंकर मारायची ती तपासणी झाली. पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा १.०२ लिटर. सलब्युटामॉलचे चार पफ दिले, पंधरा मिनिटं बाहेर बसवलं, परत फुंकायला लावलं. १.१८. बारा टक्क्यांहून वाढ म्हणजे औषधाने नळ्या उघडल्या. हिची जवळजवळ सोळा टक्के होती. डॉक्टरबाईंनी तीन वर्षं फाइलमध्ये ‘वारंवार व्हीझ’, म्हणजे वारंवार शिट्टी, एवढंच लिहिलं होतं. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा ‘अस्थमा’ लिहिलं. मी अनेक वर्षं त्या शब्दाला घाबरत होते. प्रत्यक्ष लिहिला गेला तेव्हा मी त्याच्या खाली पंपाचा डोस काय लिहिलाय, ते वाचत होते. त्याच दिवशी त्यांनी नवऱ्यालाही मोठ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डिसेंबरातला खोकलाही दम्याचाच निघाला. त्याचाही पंप आता फ्रिजवरच्या कागदावर आहे, वेगळ्या रकान्यात.

या पावसाळ्यात सोलापूरहून नणंदेचा फोन आला. तिच्या दीड वर्षाच्या मुलाला दुसऱ्यांदा छाती भरून दवाखान्यात नेलं होतं. मी व्हिडिओ काढायला सांगितलं, कपडा काढून, पोट दिसेल असा. जंताचं औषध वयाप्रमाणे डॉक्टरांना विचारून द्यायला सांगितलं. सासूबाई शेजारी बसून ऐकत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला.

‘डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नकोस. आत गेल्या गेल्या सांग, मामाला दमा आहे म्हणून. लहानपणापासून.’

मामाचा दमा त्या निर्देशांकात मोजत नाहीत, फक्त आईवडिलांचा. हे मी फोन ठेवल्यावर त्यांना सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. ‘मग तिलाही तपासून घ्यायला सांग,’ त्या म्हणाल्या. ‘शाळेत असताना धावायला गेली की खोकायची. तिला मी मृगाला कधी नेलं नाही, मुलगी म्हणून.’

मी परत फोन लावला.